मुलांच्या भावना, मोठ्यांची शिस्त

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस, जेथे सह्याद्रीची धार ओलांडून आलेला पाऊस प्रथम देशावर उतरतो, त्या मावळ तालुक्याचे आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ असे तीन भाग मानण्याचा शिरस्ता जुना आहे. याच मुलखात कार्ले, भाजे आणि बेडसे येथील कातळांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लेणी खोदली गेली, आणि ज्या धर्मपरंपरेतील भिक्षू तेथे राहत, त्या परंपरेने मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार वृत्तींचा अभ्यास नित्य करावा, असे सांगितले होते. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात याच चार वृत्ती चित्तप्रसादनाचा उपाय म्हणून दिल्या: सुखी माणसाशी मैत्री, दुःखितांविषयी करुणा, पुण्यवंतांविषयी आनंद आणि दुष्टांविषयी उपेक्षा. पुढे १९२४ साली, त्या लेण्यांपासून काही कोसांच्या अंतरावर, लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून योगाच्या या वारशाला प्रयोगशाळेची जोड दिली. भावना ही माणसाच्या अंगावर कोसळणारी आपत्ती नसून अभ्यासाने वळविता येणारी शक्ती आहे, हा विचार म्हणजे या डोंगरांना नवा नव्हे.

यावरून आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न पुरता सोडविला होता असे मात्र कोणी समजू नये. भिक्षू आणि योगी हे स्वेच्छेने साधनेला बसलेले प्रौढ लोक होते. इयत्ता दुसरीतील मूल स्वेच्छेने शाळेत येत नाही, आणि त्याला राग आला असता मैत्री व करुणा यांचे स्मरण करण्याइतका अवकाश त्याच्या मनात उरत नाही. घरोघर मुलांकडून समर्थांचे २०५ मनाचे श्लोक पाठ करून घेण्यात येत असत, आणि त्या पाठांतराचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. परंतु मनाला उपदेश करणारे श्लोक मुखोद्गत असलेला मुलगा भावंडाच्या हातातून पतंग ओढून घेताना त्यांतील एकही आठवत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मुलाला भावना शिकवावयाच्या म्हणजे नेमके काय शिकवावयाचे, हे ठरविण्यासाठी आधुनिक मानसशास्त्राकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही.

१९९० साली पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 'भावनिक बुद्धिमत्ता' ही कल्पना शास्त्रीय स्वरूपात मांडली. १९९५ साली डॅनिएल गोलमन यांच्या ग्रंथाने ती जगभरच्या वाचकांपर्यंत पोहोचविली. गोलमन यांनी आयुष्यातील यशाचे जे मोठे श्रेय या गुणाला दिले, ते पुराव्याच्या मानाने अधिक होते, असे माझे मत आहे. सॅलोव्हे आणि मेयर यांनी १९९७ साली केलेली मांडणी मात्र संयत असून शिक्षकाच्या उपयोगाची आहे. आपली आणि दुसऱ्याची भावना चेहऱ्यावरून, स्वरावरून ओळखणे. त्या भावनेला विचाराच्या कामी लावणे. ती कोठून उगम पावली आणि पुढे कोणते रूप घेईल हे समजणे. आणि शेवटी तिचे नियमन करणे, अशी चार अंगे त्यांनी सांगितली. आपल्या घरांतून आणि शाळांतून घडते ते असे की, पहिल्या तीन पायऱ्या वगळून मुलाला थेट चौथीवर उभे केले जाते. 'रडू नकोस', 'चिडू नकोस', 'घाबरायचं काय त्यात?' ही सारी नियमनाची फर्माने होत. ज्या गोष्टीचे नियमन करावयाचे ती मुलाला ओळखताच आलेली नसते.

रागाच्या भरात मुलाला उपदेश ऐकू येत नाही, याचे कारण त्याच्या हट्टीपणात नसून शरीरात असते. धोक्याची चाहूल घेणारा मेंदूतील अमिग्डाला नावाचा भाग क्षणार्धात जागा होतो, अ‍ॅड्रेनलिनचा स्राव वाढतो, हृदयाचे ठोके जलद पडू लागतात आणि श्वास उथळ होतो. उलट सारासार विचार करणारा, कपाळामागील मेंदूचा भाग पूर्ण परिपक्व व्हावयास वयाची पंचविशी यावी लागते. या अवस्थेत शब्द निरुपयोगी ठरतात आणि श्वास उपयोगी पडतो, कारण शरीराच्या आपोआप चालणाऱ्या व्यापारांपैकी श्वास हा असा एक आहे की जो माणसाला सहज हातात घेता येतो. उच्छ्वास लांबविला म्हणजे व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती मंदावते, हे आता शरीरशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. चित्तविक्षेपाचे सोबती सांगताना पतंजलींनी दुःख आणि खिन्नता यांच्या पंक्तीला अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वासोच्छ्वास यांना बसविले आणि श्वास बाहेर सोडून रोखण्याचा उपाय सांगितला, हे निरीक्षण किती सूक्ष्म होते ते यावरून ध्यानात येते.

कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, हे मूळचे शिक्षक होते, ही गोष्ट त्यांच्या योगसंशोधनाच्या कीर्तीमुळे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. १८८३ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी अमळनेर येथे राष्ट्रीय शिक्षणाच्या कामी काही वर्षे प्राचार्यपद भूषविले होते. पुढे लोणावळ्यास त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी पोटात दाबाचा कोणता फरक पडतो हे यंत्राने मोजले, क्ष-किरणांनी तपासले आणि आपले निष्कर्ष 'योगमीमांसा' या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. पुढील दशकात शाळांतील मुलांना समुदायाने करता येतील अशा यौगिक व्यायामांची आखणीही त्यांनी केली. १९५१ साली लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय सुरू झाले तेव्हा तेथे भावी शिक्षक घडू लागले. मुलांपर्यंत पोहोचावयाचे तर आधी शिकविणाऱ्यास तयार केले पाहिजे, हा त्यामागील विवेक मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची प्रचीती पुढे येईलच.

ज्या १९२४ साली कैवल्यधाम उभे राहिले, त्याच साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात पांडुरंग सदाशिव साने नावाचे तरुण शिक्षक रुजू झाले. साने गुरुजींजवळ प्रयोगशाळा नव्हती. छात्रालयातील मुलांची अस्ताव्यस्त अंथरुणे ते स्वतः आवरून ठेवीत, त्यांच्यासाठी हाताने 'छात्रालय दैनिक' लिहून काढीत, आणि मुलांना बोल लावण्याऐवजी स्वतःच्या वागण्याने लाजवीत. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिले. त्या पुस्तकातील आई मुलाच्या भावनेची कधी हेटाळणी करीत नाही, आणि त्याच्या चुकीची गयही करीत नाही. मुलाची भावना स्वीकारावी आणि कृतीला मर्यादा घालावी, हे जे तत्त्व हेम गिनॉट यांच्यासारखे पाश्चात्त्य बालमानसशास्त्रज्ञ १९६० नंतर प्रतिपादू लागले, ते मराठी वाचकाने त्या पुस्तकात रडत रडत आत्मसात केलेले होते.

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे दिसते, ते आंदर मावळातील एका लहानशा शाळेत मी पाहिले. भातलावणीचे दिवस होते, पावसाची झड लागलेली होती, आणि मधल्या सुट्टीत ओल्या व्हरांड्यात तिसरीतील एका मुलाने वर्गमित्राच्या पाठीत जोराने गुद्दा घातला. मार खाल्लेला रडत होता. मारणारा त्याहूनही लाल झाला होता. बाई आल्या, त्यांनी आधी रडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला जवळ घेतले, आणि मग मारणाऱ्याच्या उंचीला येतील अशा खाली बसल्या. 'कोणी सुरुवात केली?' हा न्यायाधीशाचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. "छातीवर हात ठेव बरं. काय होतंय आत?" असे त्यांनी विचारले. "धडधडतंय," मुलगा म्हणाला. "मग आपण दोघं जरा फुंकर घालू. हळूहळू, लांबवर." चार-पाच फुंकरी झाल्यावर त्यांनी विचारले, "राग आला होता?" मुलाने मान हलविली. "ह्यो हसला मला." चिखलात रुतून त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि ते पाहून दुसरा हसला होता. येथे थांबल्या असत्या तरी बाईंचे काम झाले असते, पण त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला: "हसला म्हणूनच, की अजून काही होतं मनात?" बराच वेळ मुलगा बोलेना. मग खाली पाहत म्हणाला, "आई मारंल. नवी हुती चप्पल."

रागाच्या पोटात भय होते. ते बाहेर आल्यावर प्रकरणाचे स्वरूपच पालटले: हसणाऱ्याचा चेहरा उतरला, आणि मारणारा, ज्याला क्षणापूर्वी कोणाचीही पर्वा नव्हती, मित्राच्या पाठीकडे पाहू लागला. बाईंनी मारण्याला मुभा दिली नाही; "राग येईल, पण हात उचलायचा नाही," हे त्यांनी स्पष्ट बजावले, दोघांनाही एकमेकांसाठी काय करता येईल ते ठरवावयास लावले, आणि चपलेचा अंगठा तात्पुरता तारेने बांधून दिला. हे सारे दहा मिनिटांत झाले असेल. दोन तडाखे देऊन दोघांना दोन कोपऱ्यांत उभे करण्याला दोन मिनिटे पुरली असती, आणि भय जसेच्या तसे दप्तरात बसून घरी गेले असते.

बाईंच्या त्या प्रश्नांत भावनेला नाव मिळवून देण्याची जी धडपड होती, तिला शास्त्राचा आधार आहे. २००७ साली मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखविले की, पाहिलेल्या चेहऱ्यावरील भावनेला शब्द दिला असता अमिग्डालाची खळबळ कमी होते. शब्द मात्र जवळ असावे लागतात. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी भावांखेरीज तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत. शंका, असूया, दैन्य, व्रीडा, अमर्ष हे त्यांतलेच. आपल्या रोजच्या मराठीतही हिरमुसणे, ओशाळणे, धास्तावणे, खट्टू होणे, कानकोंडे होणे, चडफडणे, हुरहुरणे अशा छटा ओसंडून वाहत आहेत, आणि तरीही आजच्या मुलाच्या मुखी 'राग' आणि 'बोअर' या दोहोंपलीकडे फारसे काही येत नाही. आजी ज्या सहजतेने "अगं, ती रागावली नाही, खट्टू झालीय," असे म्हणून जाते, ती सहजता वर्गात आणणे कोणत्याही शिक्षकाला विनाखर्च शक्य आहे. गोष्ट सांगताना मध्येच थांबून, या घटकेला कोल्ह्याला काय वाटले असेल असे विचारावे, आणि 'वाईट वाटलं' या उत्तरावर समाधान न मानता वाईट म्हणजे कसे ते पुढे विचारावे.

घरातील काही सवयी या कामाच्या अगदी विरुद्ध जातात, आणि त्या मायेपोटी जडलेल्या असल्यामुळे ओळखू येत नाहीत. चालावयास शिकणारे मूल पडले की आपण जमिनीला चापट मारतो आणि 'हात् रे, माझ्या बाळाला लागलं!' म्हणून तिलाच दोषी ठरवितो. मूल हसते, पण दुःख झाले की दोषी शोधावा आणि त्याला मारावे, हा धडा ते सोबत घेते. 'लागलं ना? दुखतंय ना?' एवढे म्हणून जवळ घेतले तरी रडे थांबते, किंबहुना लवकर थांबते. मुलग्याला 'पोरीसारखा रडतोस काय' असे हिणविणे, न जेवणाऱ्याला बागुलबुवाची वा पोलिसाची भीती घालणे, रुसलेल्याला चुलतभावाचा दाखला देणे, आणि हल्ली रडणाऱ्या मुलाच्या हाती चटकन मोबाइल ठेवणे, या सर्वांत एकच तजवीज आहे: भावना दृष्टीआड करणे. मोबाइल तर विशेष घातक, कारण भावना ओसरून जाते हा अनुभवच तो मुलाला घेऊ देत नाही.

लोणावळ्याच्या आसपासच्या घरांची एक अडचण निराळीच आहे आणि शहरी पुस्तकांत तिचा उल्लेख सापडत नाही. शनिवार-रविवारी मुलांना मोकळा वेळ असतो, आणि नेमक्या त्याच दोन दिवशी मुंबई-पुण्याची गर्दी घाटमाथ्यावर लोटते. उपाहारगृहात, बंगल्यांच्या देखरेखीवर, टॅक्सीवर वा चिक्कीच्या दुकानात काम करणाऱ्या आईबापांना त्या दिवशी उसंत नसते. पावसाळ्यात तर भुशी धरणाकडील रस्त्यावर वाहनांची रांग हलत नाही आणि घरी परतावयास रात्र होते. 'येताना आणतो', 'पुढच्या रविवारी नक्की जाऊ' अशी आश्वासने मग भराभर दिली जातात. ती मोडतात तेव्हा मोठ्यांना ते किरकोळ वाटते.

किरकोळ ते नसते. स्टॅनफर्ड येथे वॉल्टर मिशेल यांनी १९६० नंतरच्या दशकात सुरू केलेला मिठाईचा प्रयोग सर्वश्रुत आहे: समोरची मिठाई लगेच खाल्ली तर एक, थोडा धीर धरला तर दोन. धीर धरणारी मुले पुढे यशस्वी झाली, असा त्याचा गाजावाजा झाला. २०१८ साली अधिक मोठ्या आणि विविध समूहावर ते ताडून पाहिले तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर त्या संबंधाचा बराच भाग उरला नाही. मला त्याहून मोलाचा वाटतो तो रॉचेस्टर येथे सेलेस्ट किड यांनी केलेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला छोटा प्रयोग. त्यात २८ मुले होती. निम्म्या मुलांना आधी मोठ्या माणसाने दिलेला शब्द पाळल्याचा अनुभव दिला, निम्म्यांना तो मोडल्याचा. मग मिठाई पुढे ठेवली. शब्द पाळला गेलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, मोडला गेलेली अवघी ३ मिनिटे. मुलाचा संयम हा काही अंशी मोठ्यांच्या विश्वासार्हतेचा हिशेब असतो. म्हणून त्या घरांना माझे सांगणे एवढेच की रविवारचे वचन देऊच नये; मंगळवारी वा बुधवारी, दिवेलागणीनंतरची अर्धी घटका जी खरोखर देता येईल, तीच कबूल करावी आणि ती मोडू देऊ नये.

शाळांतून या विषयाचे स्वतंत्र कार्यक्रम राबवावेत काय, याविषयी पुरावा दोन्ही बाजूंचा आहे आणि तो एकत्र वाचला पाहिजे. २०११ साली जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी अशा २१३ कार्यक्रमांचा, म्हणजे सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थ्यांचा, एकत्रित आढावा घेतला. मुलांचे वर्तन सुधारले, मनाचा ताण घटला आणि अभ्यासातही शंभरांत अकरा स्थानांइतकी प्रगती दिसली. बाहेरून तज्ज्ञ आणण्याची गरज भासली नाही. वर्गशिक्षकांनीच चालविलेले कार्यक्रम उत्तम फळले. याउलट, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांपैकी सुमारे निम्म्यांना श्वासाचे आणि अवधानाचे पाठ देण्यात आले, तेव्हा नेहमीच्या शिक्षणाहून अधिक लाभ आढळला नाही. पुष्कळ मुलांनी घरी सराव केलाच नाही. त्या चाचणीत थोडाफार लाभ दिसला तो शिकविणाऱ्यांना, त्यांचा थकवा काही काळ कमी झाला. लोणावळ्याच्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या माझ्यासारख्याला हा निष्कर्ष प्रथमदर्शनी कडू वाटतो. पण आंदर मावळातील त्या बाईंना आठवून पाहिले म्हणजे त्याचा उलगडा होतो. फुंकर घालण्याचा पाठ त्यांनी घंटा वाजल्यावर घेतला नाही. मुलाला गरज होती त्या क्षणी, स्वतः त्याच्यासोबत फुंकर घालून, तो त्याच्या हाती दिला. स्वतः शांत राहिलेल्या मोठ्या माणसाच्या सान्निध्यातच मूल शांत होणे शिकते, आणि म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च होणारा पैसा मी मुलांच्या तासिकेवरील खर्चाहून अधिक सार्थकी लागलेला मानतो. दोन वर्गांची हजेरी, पोषण आहाराचे दप्तर आणि वरून येणारे तक्ते एकटीने सांभाळणाऱ्या बाईंकडून अखंड शांतीची अपेक्षा करणाऱ्या शिक्षणखात्याने याचा विचार अवश्य करावा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली आणि मूल भयमुक्त असावे असे सांगितले. छडी काढून घेतली हे उत्तम झाले, पण छडीच्या जागी काय करावे हे शिक्षकाच्या हाती देणे अद्याप पुष्कळ ठिकाणी राहून गेले आहे.

एका धोक्याची सूचना येथेच दिली पाहिजे. भावनांचे शिक्षण म्हणजे मुलांना गप्प करण्याचे सुधारलेले साधन होता कामा नये. कातकरी वा ठाकर वस्तीवरील मुलीला तिच्या कपड्यांवरून कोणी चिडविले, आणि ती संतापली, तर तिला दीर्घ श्वास घ्यावयास सांगून प्रकरण मिटविणे हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. तिचा संताप यथार्थ असून बदलावयाचे ते चिडविणाऱ्याला. ज्या साने गुरुजींना आपण केवळ हळवे समजतो, त्यांनीच मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण आरंभिले आणि ते मंदिर खुले करविले. करुणा आणि क्रोध त्यांच्या ठायी एकत्र नांदत होते, आणि त्या क्रोधाने कोणावर हात उचलला नाही.

आणि काही दुःखे अशी असतात की त्यांना घरची माया आणि शाळेची समज पुरी पडत नाही. मुलाची झोप वा भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली राहिली, आवडते खेळ त्याने सोडले, शाळेचे नाव काढताच रोज पोट दुखू लागले, किंवा मरणाची, स्वतःला इजा करण्याची भाषा त्याच्या तोंडी आली, तर 'वयच तसं आहे' म्हणून वाट पाहू नये. शेवटचे लक्षण दिसले तर एक दिवसही दवडू नये आणि मुलाला एकटे सोडू नये. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते आणि तेथे मराठीतून बोलता येते. दूरध्वनी पालकांनी करावा, शिक्षकांनी करावा, किंवा मोठ्या मुलाने स्वतः केला तरी चालतो. हा क्रमांक शाळेच्या फलकावर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, खडूने न लिहिता रंगाने लिहून ठेवावा.